या वेळी गुपचूप सोडू नका

प्रश्न: "वय ३९. घर भांडुपला, ऑफिस लोअर परळला. दिवसाला बारा-चौदा सिगारेटी, सतरा वर्षं झाली. आतापर्यंत तीनदा सोडली. पहिल्यांदा नऊ दिवस, मग महिनाभर, शेवटी साडेचार महिने. तेव्हा वाटलं, सुटली. मग वडिलांना हॉस्पिटलात ठेवलं होतं, रात्री मेव्हण्याबरोबर गेटबाहेर एक ओढली आणि दुसऱ्या दिवशी पाकीट घेतलं. आता बायको काही बोलत नाही, नुसती बघते. या वेळी कुणालाही न सांगता सोडायचं ठरवलंय, म्हणजे नाही जमलं तर शोभा तरी होणार नाही. पण सुरुवातीचा जोर महिन्याभरात ओसरतो. तो टिकवायचा कसा?"

उत्तर:

पहिलं सांगते, गुपचूप सोडू नका. बाकीचं त्यानंतर.

मुंबईत तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन करत मला अठरा वर्षं झाली. तुमच्यासारखं "या वेळी कुणाला सांगणार नाही" म्हणणारे खूप भेटतात, आणि बहुतेक सगळे आधी दोन-तीनदा सोडून परत लागलेले असतात. त्यामागची लाज मला कळते. तीनदा सांगून तीनदा तोंडघशी पडल्यावर चौथ्यांदा तोंड उघडवत नाही. पण न सांगता सोडणं म्हणजे रिटर्न तिकीट खिशात ठेवून निघणं आहे. कुणाला माहीतच नाही, त्यामुळे मागे फिरायला कुणाची अडचण नाही. शिवाय ज्यांना माहीत नाही ते तुम्हाला रोज सिगारेट पुढे करत राहणार, आणि त्यांना तुम्ही दोषही देऊ शकणार नाही.

जोराबद्दल. तो कुणाचाच टिकत नाही. जे सुटले त्यांचाही ओसरला होता. निव्वळ निर्धारावर सोडणाऱ्या शंभरातले तीन ते पाच जण सहा महिने-वर्षभर टिकतात. म्हणजे तुम्ही साडेचार महिने काढलेत ते काही थोडं नाही. तुमच्यात काहीतरी कमी आहे म्हणून ती परत लागली, हे डोक्यातून काढा. तुम्ही एकट्याने लढत होतात, तेवढंच.

आपल्याकडे काही सोडण्याची रीत मुळातच चारचौघांतली आहे. वारकरी माळ घालतो ती लोकांसमोर. एकदा गळ्यात माळ दिसली की जेवणाच्या पंगतीत त्याला कुणी मटणाचा आग्रह करत नाही, गटारीला कुणी ग्लास पुढे करत नाही. त्याला रोज नवा निर्धार करावा लागत नाही, कारण अर्धं काम आजूबाजूचे लोक करतात. श्रावणाचंही तसंच. ज्या घरात सगळेच पाळतात तिथे महिनाभर न पिणं, न खाणं सहज जातं. आणि श्रावण संपला की परत सुरू होतं तेही त्याच कारणाने, सगळ्यांची मुदत एकदम संपते. माझ्याकडे येणाऱ्यांत श्रावणात सिगारेट सोडून गणपतीत परत धरलेले दरवर्षी असतात.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १२,०६७ माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नवरा-बायकोपैकी एकाने सिगारेट सोडली की दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, लहान ऑफिसातल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. भावंडाचा परिणाम त्याहून कमी, २५ टक्के. लोक घोळक्याने सोडतात, हे त्यातून दिसलं. मला त्यातला सहकाऱ्याचा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या बारा-चौदातल्या बहुतेक सिगारेटी घरी ओढल्या जात नसणार.

तुमचा दिवस मी अंदाजाने मांडते. सकाळी चहाबरोबर गॅलरीत एक. भांडुपहून लोकल, करी रोडला उतरलात की पुलाखाली दुसरी. मग ऑफिसखालच्या टपरीवर कटिंगबरोबर चार-पाच, जेवणानंतर एक, संध्याकाळी स्टेशनकडे येताना एक-दोन, रात्री जेवून खाली फेरी मारताना शेवटची. कमी-जास्त असेल. यात एक गोष्ट पाहा. लोकलमध्ये पाऊण तास तुम्ही ओढत नाही, आणि त्या पाऊण तासात तलफही फारशी येत नाही. ती येते करी रोडचा जिना उतरताना. शरीरात निकोटीन तितकंच कमी झालेलं असतं, पण गाडीत ओढता येणार नाही हे मेंदूने मान्य केलेलं असतं, म्हणून तो मागतच नाही. जागा बदलली की मागतो. तलफ जागेला, वेळेला आणि माणसाला बांधलेली असते. म्हणून माणसांशी बोलल्याशिवाय ती सुटत नाही.

आता सांगायचं कुणाला, आणि काय. "मी सिगारेट सोडतोय, सपोर्ट करा" एवढं सांगून काही होत नाही. समोरच्याला कळत नाही काय करायचं, मग तो उपदेश करतो. प्रत्येकाला एकच काम द्या, तेही ठरावीक.

सगळ्यात आधी तुमचा टपरीवरचा सोबती. बायकोच्याही आधी. माझा अनुभव असा, की या माणसाला सांगायचंच राहून जातं, आणि घसरण बहुतेक वेळा त्याच्याच शेजारी उभं असताना होते. त्याच्यात वाईट काही नसतं. रोजच्या दहा मिनिटांत तुम्ही साहेबांना शिव्या घालता, मुलांच्या शाळेचं बोलता, ते सगळं तुटेल याची त्याला भीती असते, तुम्हालाही असते. म्हणून त्याला सरळ सांगा: "तू ओढ, मी बोलणार नाही. फक्त मला देऊ नकोस. मी मागितली तरी देऊ नकोस. आणि पहिले तीन आठवडे मी खाली येणार नाही, आपण वर पँट्रीत चहा घेऊ." मैत्री चहावर चालू राहील याची खात्री दोघांना हवी. एका पेशंटचा सोबती हे ऐकून म्हणाला, "मग मीही बघतो." तो पुढे सुटला की नाही मला माहीत नाही, पण त्या तीन आठवड्यांत तो जिन्यावरून दोघांचे चहाचे कप घेऊन वर येत होता.

दुसरा माणूस टपरीवाला. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण मी प्रत्येकाला सांगायला लावते. तुम्ही दिसताच तो न विचारता तुमचा ब्रँड काढून ठेवतो, हो ना? हात तिथेच फसतो. त्याला सांगा, आजपासून फक्त चहा. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी ती मिळते, आणि घसरणारा माणूस पाकीट घेऊन घसरत नाही, सुटी एक घेऊन घसरतो. त्याने ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर निदान तुम्ही मोठ्याने बोललात आणि आजूबाजूच्या चौघांनी ऐकलं.

तिसरा फोनवरचा माणूस. बहीण, जुना वर्गमित्र, कुणीही, पण सिगारेट न ओढणारा किंवा सोडून वर्ष उलटलेला. काम एवढंच: सकाळी करी रोडला उतरल्यापासून ऑफिसच्या दारापर्यंत तुमच्याशी बोलायचं. सिगारेटबद्दल बोलायची गरज नाही. भाजी काय केली, पाऊस किती झाला, काहीही. तलफेची एक लाट पाच-दहा मिनिटांत उतरते, आणि तो रस्ता तेवढाच आहे. सिगारेट सोडलेला माणूस मिळाला तर त्याची किंमत डॉक्टरपेक्षा जास्त आहे, असं मी स्वतः समुपदेशक असून सांगते. "तिसऱ्या दिवशी माझंही डोकं असंच उठलं होतं" हे त्याने म्हटलेलं मी म्हटल्यापेक्षा खोल जातं.

घरात वडील किंवा कुणी तंबाखू खात असेल, आई मशेरी लावत असेल, तर त्यांनाही बरोबर घ्यायचा प्रयत्न करा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक ओढणारे निघाले, पण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे २६.६ टक्के. म्हणजे आपल्याकडे डबी आणि पुडी जास्त आहे. सिगारेट सोडलेला माणूस "तोंडात काहीतरी" म्हणून चुना-तंबाखूकडे वळताना मी खूप पाहिला आहे. सुपारीही नको, ती एकटीसुद्धा कर्करोगाला कारण होते. लवंग, बडीशेप, वेलची, भाजलेले चणे चालतील.

मुलांना या कामाला लावू नका. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणारे बाप माझ्यासमोर बसून रडले आहेत. एक झुरका गेला की शपथ मोडली, आणि मग अपराधाने ते सगळ्यांपासून लपून ओढायला लागतात. मुलीला सांगायचं असेल तर एवढंच सांगा, की बाबा सोडतोय, थोडे दिवस चिडेल, तुझ्यामुळे नाही.

ही चिडचिड खरी असते, तिची तयारी करा. सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात जड. झोप मोडते, लक्ष लागत नाही, भूक वाढते, कारण नसताना रडू येतं. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तुमच्या सिगारेटी ऑफिसला बांधलेल्या आहेत, म्हणून सुरुवात शनिवारी सकाळी करा, म्हणजे पहिले दोन दिवस टपरीपासून लांब जातील. आणि चहा निम्मा करा. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफीन लवकर बाहेर टाकत असतं. सिगारेट बंद झाली की तेच चार चहा जास्त चढतात, धडधड होते, झोप जाते, आणि माणसाला वाटतं हा सगळा सिगारेट सोडल्याचा त्रास. मानसिक आजाराची काही औषधंही याच कारणाने जास्त चढू शकतात, तेव्हा कुठलंही औषध चालू असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा.

औषधांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणजे तिन्ही वेळा औषधाविना सोडलीत. निकोटीनचा गम किंवा पॅच घेतल्याने सुटण्याची शक्यता सुमारे ५० ते ६० टक्क्यांनी वाढते, आणि त्याच्या जोडीला बोलायला कुणी असलं की आणखी. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा गम कमी पडेल, ४ चा डॉक्टरांना विचारून घ्या. लोक हा गम च्युइंगमसारखा कचाकचा चावतात, मग उचकी लागते, मळमळतं आणि "मला सूट होत नाही" म्हणून फेकून देतात. हळू चावायचा, जिभेला झिणझिणी आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. झिणझिणी गेली की परत. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटीन तोंडातून शोषलंच जात नाही. मुंबईत गम फुकट जातो तो बहुतेक कटिंगपायी. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही गोळ्यांची औषधं आहेत, ती सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू होतात आणि डॉक्टरच देतात. फिट येणाऱ्याने बुप्रोपिऑन घ्यायचं नाही. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तो विचार करू नका. आणि "दोन-तीनवर आणतो" हा मधला मार्गही नको. रोज एक सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो.

सरकारची फोनसेवाही वापरा, १८००-११२-३५६, पाकिटावरच छापलेला नंबर. फुकट आहे. २०१८ पासून तिचं एक केंद्र आपल्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आहे, मराठीत बोलता येतं. तिथला समुपदेशक तुमची तारीख लिहून घेतो आणि नंतर स्वतः फोन करतो. तो आपला कुणी लागत नाही, हीच त्याची सोय आहे. बायकोला जे सांगताना जीभ अडखळते ते त्याला सांगता येतं.

आता हॉस्पिटलच्या गेटची रात्र. त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तुम्ही ते एका ओळीत उरकलंत.

त्या रात्री एक सिगारेट गेली. साडेचार महिन्यांनंतर एक. शरीराच्या दृष्टीने ती एकच होती. दुसऱ्या दिवशीचं पाकीट तिने आणलं नाही. ते आणलं "आता मोडलंच" या विचाराने. अॅलन मार्लाट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने व्यसनमुक्तीच्या कामात हे नीट मांडलं: घसरण आणि परत लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरीकडे नेते ती स्वतःबद्दलची शरम. एकादशीला चुकून तोंडात शेंगदाण्याऐवजी पोह्याचा घास गेला म्हणून कुणी उरलेला दिवस मटण खात नाही. सिगारेटच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

आणि बघा, त्या रात्री तुमच्याजवळ कोण होतं? मेव्हणा. त्याला माहीत होतं का तुम्ही सोडलीय? माहीत असेल तर त्याला काम दिलेलं नव्हतं. नसेल तर त्याने माणुसकीने पुढे केली, दमलेल्या माणसाला जसा चहा देतात तशी. रात्रीचे दोन, वडील आत, झोप नाही, पोटात काही नाही. अशा वेळी निर्धार शोधू नये, तो नसतोच. अशा रात्रीसाठी एक नाव आत्ताच ठरवून ठेवा, ज्याला कधीही फोन करता येईल. आणि ओढलीच गेली तर काय, तेही आत्ताच ठरवा: त्याच रात्री, पुढची सकाळ व्हायच्या आत, त्या माणसाला मेसेज, "एक ओढली." बस. त्याने उत्तरात लिहायचं, "बरं. उद्या सकाळी करी रोडला फोन कर." रागावायचं नाही, समजवायचंही नाही. मी ज्यांच्याकडून हा ठराव आधी करून घेते, त्यांच्यातले कितीतरी जण एका सिगारेटवर थांबलेले मी पाहिले आहेत. लपवलेली एक मात्र क्वचितच एक राहते.

महिन्यानंतरच्या दिवसांचं वेगळं असतं. त्रास संपलेला असतो, कौतुकही संपलेलं असतं. पहिल्या आठवड्यात रोज विचारणारे लोक आता विसरलेले असतात, कारण त्यांच्या लेखी तुम्ही सुटलात. एकटेपणा तिथे येतो, आणि त्यालाच तुम्ही जोर ओसरणं म्हणता. म्हणून फोनवाल्या माणसाला सांगताना महिन्याचं नाही, सहा महिन्यांचं सांगा. पहिला महिना रोज, पुढे दर रविवारी. महिन्याचे वाचलेले पैसे डोळ्यांसमोर ठेवा, वेगळ्या खात्यात किंवा डब्यात. वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, कुणी त्यावरून बोललं तर बोलू द्या, ते नंतर उतरवता येतं. एका वर्षाने हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो.

शेवटी तुमची बायको. तुम्ही लिहिलंत, ती नुसती बघते. तिने तीनदा आनंद केला आणि तीनदा गिळला. तिच्या गप्प बसण्याला टोमणा समजू नका. तिला पोलिसाचं काम देऊ नका, म्हणजे शर्ट हुंगणं, खिसे तपासणं. त्याने तुम्ही लपवायला शिकता आणि ती थकते. तिच्याकडून वचन मागू नका, तिला वचन देऊही नका. एवढंच म्हणा: "मी शनिवारपासून सोडतोय. या वेळी गम घेणार आहे, ऑफिसात सांगितलंय. पहिले आठ दिवस मी चिडेन, तेव्हा मला एकट्याला सोड. घसरलो तर तुला दुसरीकडून कळणार नाही, मीच सांगेन." तिने लगेच विश्वास ठेवावा असा हट्ट धरू नका. ती बहुतेक "बरं" म्हणेल आणि कामाला लागेल. चालेल. शुक्रवारी रात्री पाकीट, लायटर, गॅलरीतली राखेची वाटी स्वतः टाकून या, तिला टाकायला लावू नका. आणि शनिवारी सकाळी चहा तुम्ही करा, दोघांचा, अर्धा-अर्धा कप, आणि तो स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून तिच्याबरोबर प्या.